वहीबाहेरचा पैसा

मे १९६३ मध्ये कसडोल मतदारसंघात विधानसभेची पोटनिवडणूक झाली आणि पंडित द्वारकाप्रसाद मिश्र निवडून आले. कसडोल तेव्हा रायपूर जिल्ह्यात होतं. मिश्रांचं नाव नागपूरकरांना चांगलंच परिचयाचं होतं. नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती त्या काळात ते रविशंकर शुक्लांच्या सरकारात गृहमंत्री होते. १९५१ मध्ये नेहरूंशी बिनसलं, काँग्रेस सुटली, पुढची दहा-बारा वर्षं बाहेर गेली. कसडोल ही त्यांची परतीची पायरी होती. निवडून आल्यावर चार महिन्यांत, सप्टेंबर १९६३ मध्ये, ते मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. लोक त्यांना राजकारणातले चाणक्य म्हणत आणि ते त्यांनाही आवडत असावं.

हरलेले उमेदवार कमलनारायण शर्मा मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी निवडणूक याचिका दाखल केली. तिच्यात दोन मुख्य तक्रारी होत्या. रायपूरच्या ‘महाकोशल’ दैनिकातून आपली बदनामी केली गेली, ही एक. मिश्रांनी कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला आणि तो हिशेबात दाखवला नाही, ही दुसरी. खटला वर्षानुवर्षं चालला. मिश्र मुख्यमंत्री होते, नंतर १९६७ मध्ये पक्षातल्या बंडाने त्यांचं सरकारही पडलं, तरी खटला चालूच. १९६९ मध्ये बंडखोरांचं संयुक्त सरकार कोसळलं आणि मिश्रांना पुन्हा खुर्ची दिसू लागली, नेमक्या त्याच सुमाराला उच्च न्यायालयाने त्यांची १९६३ ची निवडणूक अवैध ठरवली आणि त्यांना सहा वर्षं अपात्र केलं. सर्वोच्च न्यायालयानेही १९७० मध्ये तो निकाल उचलून धरला.

मर्यादेपेक्षा जास्त झालेला खर्च किती होता? २४९ रुपये ७२ पैसे, असा आकडा सांगितला जातो.

या गोष्टीला रायपुरी शेपूटही आहे. ज्या ‘महाकोशल’मधल्या मजकुरावरून खटला उभा राहिला, ते पत्र रविशंकर शुक्लांचे चिरंजीव श्यामाचरण यांच्या हातात होतं. १९६३ मध्ये ते मिश्रांच्या बाजूने प्रचारात होते आणि न्यायालयाने त्यांना मिश्रांचे प्रतिनिधी म्हणूनच धरलं. मार्च १९६९ मध्ये मिश्रांची वाट बंद झाल्यावर मुख्यमंत्री झाले ते हेच श्यामाचरण शुक्ल. मिश्रांविरुद्धचा कागद कोणाच्या कपाटातून शर्मांच्या हाती लागला, याच्या निरनिराळ्या कथा जुने काँग्रेसवाले रंगवून सांगत. त्यांतली कुठली खरी, यात आपण पडायला नको. आपल्याला हवा आहे तो हिशेब. मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचलेला एक मुरब्बी नेता निवडणूक खर्चाच्या वहीमुळे राजकारणाच्या बाहेर फेकला गेला, असं या देशात एकेकाळी घडत होतं.

त्याच रायपुरात, साठ वर्षांनी, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सक्तवसुली संचालनालयाने म्हणजे ईडीने दावा केला की एका सट्ट्याच्या ॲपच्या चालकांनी राज्याच्या मुख्यमंत्र्यांना आजवर सुमारे ५०८ कोटी रुपये पोचवले आहेत आणि निवडणुकीसाठी आणलेली ५ कोटी ३९ लाखांची रोकड आपण पकडली आहे. मतदानाचा पहिला टप्पा चार दिवसांवर होता. या दाव्याचं पुढे काय झालं ते येईलच. २४९ रुपयांपासून ५०८ कोटींपर्यंतच्या प्रवासात महागाईचा वाटा फारच थोडा आहे. खरा बदल कायद्यात झाला.

१९७४ पर्यंत कायद्याचा अर्थ साधारण असा लावला जाई की उमेदवाराने केलेला किंवा त्याने मान्य केलेला खर्च हा उमेदवाराचा खर्च. त्या वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीच्या खटल्यात हा अर्थ आणखी रुंद केला. पक्षाने किंवा मित्रमंडळींनी खर्च केला, उमेदवाराला तो माहीत होता आणि त्याने अडवला नाही, तर तो त्याच्याच नावावर धरावा. हे ऐकून दिल्लीत धावपळ झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण चिकटवलं गेलं. पक्षाने किंवा इतर कोणी केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही. मर्यादा जागच्या जागी राहिली, फक्त तिच्या शेजारी एक मोठा दरवाजा उघडून ठेवला.

मराठी वाचकांना या दरवाजाची आठवण अहमदनगरच्या गडाख-विखे खटल्यामुळे असेल. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात तो लढला गेला. तो गाजला प्रचारातल्या आरोपांमुळे आणि शरद पवारांचं नाव त्यात आल्यामुळे. पण १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता खर्चाबद्दलही सुनावलं होतं. हे स्पष्टीकरण असेपर्यंत उमेदवाराच्या खर्चावरची मर्यादा ही निव्वळ धूळफेक आहे, असा त्याचा आशय होता. २००३ मध्ये स्पष्टीकरण बदललं, दरवाजा थोडा लोटला गेला. आता पक्षाच्या ‘स्टार प्रचारकां’चा प्रवासखर्च आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार एवढंच उमेदवाराच्या वहीबाहेर राहतं. एवढंच म्हणायचं, पण हेलिकॉप्टर त्यातच आलं. पक्षाने स्वतः किती खर्च करावा यावर भारतात आजही मर्यादा नाही.

उमेदवाराची वही कशी भरली जाते ते जवळून पाहण्यासारखं आहे. विधानसभेसाठी छत्तीसगडात आणि महाराष्ट्रातही आज मर्यादा ४० लाखांची आहे, लोकसभेसाठी ९५ लाखांची. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच खर्च धरायचा; त्याआधी सहा महिने भिंती रंगवल्या, भंडारे घातले, क्रिकेटचे सामने भरवले, तर तो खर्च नव्हे, ती समाजसेवा. जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी बोलून दरांची यादी काढतो. तिच्यात चहाचा कप, समोसा, जेवणाची थाळी, प्लॅस्टिकची खुर्ची, मंडप, गमछा, हार, ढोलवाले, रिक्षावरचा भोंगा, सगळ्याचे दर असतात. सभेला निवडणूक आयोगाची व्हिडिओ तुकडी जाते, खुर्च्या मोजते, गाड्यांचे नंबर टिपते. परत येऊन ती चित्रफीत पाहत कारकून मंडळी यादीतल्या दराने गुणाकार करतात आणि तो आकडा ‘शॅडो रजिस्टर’मध्ये चढतो. उमेदवाराच्या वहीत दोनशे खुर्च्या आणि शॅडो रजिस्टरमध्ये आठशे असतील तर नोटीस जाते. प्रचारकाळात निदान तीनदा ही ताळमेळाची बैठक होते. निकालानंतर तीस दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा. दिला नाही किंवा कायद्याप्रमाणे दिला नाही, तर कलम १०-क खाली तीन वर्षांची अपात्रता.

यंत्रणा वाईट नाही. ती राबवणारे तलाठी, शिक्षक, लेखापाल मन लावून काम करतात. फक्त त्यांच्या कॅमेऱ्यासमोर जे येतं तेच त्यांना मोजता येतं. समोसा मोजता येतो. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत पोचणारी साडी, पव्वा आणि पाकीट मोजता येत नाही. बूथवरच्या पोरांचा खर्च, गावच्या ‘वजनदार’ माणसाला दिलेली रक्कम, बंडखोराची मनधरणी यांना दरसूचीत ओळच नसते. त्यामुळे निवडून आलेल्यांचे हिशेब पाहिले की ते मर्यादेच्या बरेच खाली दिसतात. २०१४ च्या लोकसभेतल्या खासदारांनी दाखवलेला सरासरी खर्च मर्यादेच्या ५८ टक्क्यांच्या आसपास होता. ऐन निवडणुकीत इतकी काटकसर करणारी मंडळी सत्तेत गेल्यावर कशी काय बदलतात, हे कोडंच म्हणायचं.

एकदा एका नेत्याने हे जाहीरपणे बोलून टाकलं होतं. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे म्हणाले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपण आठ कोटी रुपये खर्च केले. तेव्हाची मर्यादा २५ लाखांची होती आणि त्यांच्या हिशेबात खर्च १९ लाखांच्या घरात होता. आयोगाने नोटीस काढली. विरोधकांनी त्यांच्यावर टीका केली, पण त्यांना खोटं कोणी ठरवलं नाही. पुढच्या मे महिन्यात ते केंद्रात मंत्री झाले. अशोक चव्हाणांचं प्रकरण याच काळातलं. २००९ मध्ये भोकरच्या निवडणुकीच्या वेळी त्यांच्या कारकिर्दीचे गोडवे गाणारी पानंच्या पानं वेगवेगळ्या दैनिकांत आली, काही ठिकाणी शब्दन् शब्द एकच. त्यांच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. हिशेब खरा की खोटा हे आयोग तपासू शकतो, एवढा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या प्रकरणात दिला. आयोगाने मग चव्हाणांविरुद्ध मत दिलं, पण दिल्ली उच्च न्यायालयाने ते सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केलं. या आणि ‘आदर्श’ सोसायटीच्या प्रकरणावरून त्यांच्यावर तुटून पडलेल्या भाजपने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना पक्षात घेतलं आणि राज्यसभेवर पाठवलं.

आता पुन्हा रायपूरकडे वळू. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळं झालं आणि त्याची पहिली विधानसभा निवडणूक २००३ मध्ये आली. सत्तेत काँग्रेसचे अजित जोगी, समोर भाजप, आणि भाजपच्या प्रचाराचा चेहरा होते दिलीपसिंह जूदेव. जशपूरच्या राजघराण्यातले, वाजपेयी सरकारात पर्यावरण राज्यमंत्री, आदिवासींच्या ‘घरवापसी’च्या सोहळ्यांत स्वतःच्या हातांनी पाय धुणारे. त्यांनी आपली झुपकेदार मिशी पणाला लावली होती. जोगींना हरवलं नाही तर ती उतरवणार. मतदानाला पंधरवडा असताना, १६ नोव्हेंबरला, इंडियन एक्स्प्रेसने एका चित्रफितीची बातमी छापली. एका खाणकंपनीचा माणूस म्हणवणाऱ्याकडून मंत्रिमहाशय नोटांची पुडकी घेताहेत. घेताना त्यांनी पैसा ईश्वर नसला तरी ईश्वरापेक्षा कमीही नाही, अशा अर्थाचं एक वाक्य म्हटलं. धर्मरक्षकाच्या तोंडचं ते वाक्य देशभर गाजलं. दुसऱ्याच दिवशी जूदेवांनी राजीनामा दिला, हा कट असल्याचं सांगितलं आणि सापळा रचणाऱ्यांत मुख्यमंत्र्यांच्या चिरंजीवांचं नाव घेतलं गेलं. सीबीआयने मग घेणाऱ्याचाही तपास केला आणि सापळा लावणाऱ्यांचाही.

निकाल लागला तो ४ डिसेंबरला. ९० पैकी भाजप ५०, काँग्रेस ३७. श्यामाचरणांचे धाकटे बंधू विद्याचरण शुक्ल यांनी शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा झेंडा तिथे नेला होता. त्यांना एक जागा मिळाली, पण खाल्लेली मतं काँग्रेसची होती. मिशी शाबूत राहिली. जूदेव २००९ मध्ये बिलासपूरहून लोकसभेवरही गेले, तेही अजित जोगींच्या पत्नी रेणू जोगींना हरवून. चित्रफितीने माणूस पडला नाही.

आणि ज्यांना तिचा फायदा व्हायचा होता त्यांची पाळी तर दोनच दिवसांत आली. निकालानंतर भाजपने ध्वनिफीत आणि ४५ लाखांची रोकड पत्रकारांपुढे ठेवली. जोगी भाजपचे आमदार फोडू पाहत होते, असा आरोप होता. ध्वनिफीत ऐकवली अरुण जेटलींनी, म्हणजे ज्यांच्या पक्षाला तीन आठवड्यांपूर्वी फितींच्या विश्वासार्हतेबद्दल गंभीर शंका होत्या. काँग्रेसने जोगींना निलंबित केलं आणि सहा महिन्यांच्या आत लोकसभेचं तिकीटही दिलं. महासमुंदमधून ते निवडून आले. हरले विद्याचरण शुक्ल, जे एव्हाना राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये पोचले होते.

पुढचं प्रकरण २०१४ चं, बस्तरच्या उंबरठ्यावरच्या अंतागडचं. विधानसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे मंतूराम पवार यांनी ऐन वेळी अर्ज काढून घेतला आणि भाजपला रान मोकळं झालं. ३० डिसेंबर २०१५ रोजी इंडियन एक्स्प्रेसने पुन्हा ध्वनिफिती छापल्या. माघारीचा सौदा ठरवणारे आवाज अजित जोगी, त्यांचे चिरंजीव अमित जोगी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री रमणसिंह यांचे जावई यांचे आहेत, असा दावा होता. सगळ्यांनी इन्कार केला. काँग्रेसने अमित जोगींना सहा वर्षांसाठी काढलं, वडिलांनी जून २०१६ मध्ये वेगळा पक्ष काढला. खुद्द पवार भाजपमध्ये गेले आणि सरकार बदलल्यावर, सप्टेंबर २०१९ मध्ये, सौदा साडेसात कोटींचा होता असं न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सांगते झाले. भाजपने मग त्यांनाही काढलं. आपल्याकडे विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘खोके’ हा शब्द गाजला २०२२ मध्ये. पण अंतागडमध्ये निवडून येण्याआधीच, उमेदवार असतानाच, माणूस विकला गेल्याचा आरोप होता. हा पैसा ना देणाऱ्याच्या वहीत, ना घेणाऱ्याच्या. उलट माघार घेतलेल्या उमेदवाराचा खर्च जवळजवळ शून्य, म्हणजे कागदोपत्री आदर्श निवडणूक.

एवढा पैसा येतो कुठून? त्याचं उत्तर छत्तीसगडात जमिनीखाली आहे. राज्यातून वर्षाला १५ कोटी टनांहून जास्त कोळसा निघतो, त्यातला मोठा भाग कोरबा आणि रायगडच्या पट्ट्यातून. १५ जुलै २०२० रोजी राज्याच्या खनिकर्म विभागाने एक साधा आदेश काढला. कोळसा वाहून नेण्याचा परवाना तोवर ऑनलाइन मिळत असे. आता त्यासाठी अधिकाऱ्याची प्रत्यक्ष तपासणी आणि ना-हरकत आवश्यक झाली. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे या एका कागदावर पूर्ण दुकान उभं राहिलं. टनामागे २५ रुपये दिल्याशिवाय ना-हरकत मिळेना. २५ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात आणि तीच त्यातली हुशारी. टनामागे पाचशे मागितले असते तर व्यापारी कोर्टात गेले असते. पंचवीस रुपयांसाठी कोण जाणार? पण दहा कोटी टनांवर तेच अडीचशे कोटी होतात. एकूण वसुली ५४० कोटींच्या आसपास, असा ईडीचा आरोप आहे. व्यापारी सूर्यकांत तिवारी, खनिकर्म संचालक राहिलेले समीर विश्नोई, मुख्यमंत्री कार्यालयातल्या उपसचिव सौम्या चौरसिया यांना २०२२ मध्ये अटक झाली. वसुलीतला पैसा राजकीय कामांसाठीही गेला, असं ईडी म्हणते. मे २०२३ मध्ये काँग्रेसच्या दोन आमदारांची आणि प्रदेश कोषाध्यक्षांची मालमत्ताही गोठवली गेली. आरोप अजून न्यायालयात आहेत.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत काँग्रेसचं ८५ वं महाअधिवेशन नवा रायपुरात भरलं. चार दिवस आधी, २० तारखेला, ईडीने पक्षाच्या नेत्यांवर छापे घातले. तरी प्रियंका गांधी आल्या तेव्हा रस्त्यावर दोनेक किलोमीटर गुलाबपाकळ्यांचा गालिचा होता. सहा हजार किलो गुलाब, अशी तेव्हाची बातमी होती. हे दोन्ही पाहून मला सर्वांत आश्चर्य वाटलं ते एका गोष्टीचं. गुलाबांचा खर्च कोणत्याही मर्यादेत बसवायचा नव्हता, कोणत्याही निरीक्षकाने तो मोजायचा नव्हता. निवडणूक नऊ महिन्यांवर होती, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती.

दारूची गोष्ट कोळशापेक्षा जास्त बोचरी आहे, कारण तिच्यात वचन आहे. २०१८ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने पूर्ण दारूबंदीचं आश्वासन दिलं होतं. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी त्यावर विश्वास ठेवला असणार. चंद्रपुरातल्या बायकांनी दारूबंदीसाठी किती पायपीट केली होती हे आठवलं म्हणजे त्या वचनाचं वजन कळेल. काँग्रेसच्या ६८ जागा आल्या, भूपेश बघेल मुख्यमंत्री झाले. दारूबंदीसाठी समिती नेमली गेली, आणि समिती म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. दारूविक्री रमणसिंहांच्या सरकारने २०१७ मध्येच सरकारी महामंडळाकडे घेतली होती, म्हणजे प्रत्येक दुकान सरकारचं. ईडीचा आरोप असा की २०१९ ते २०२२ या काळात त्याच सरकारी दुकानांतून बनावट होलोग्राम लावलेली, कुठल्याच नोंदीत नसलेली देशी दारू विकली गेली आणि तिचा सगळा पैसा एका टोळीने वाटून घेतला. शिवाय कारखानदारांकडून पेटीमागे कमिशन वेगळं. आकडा दोन हजार कोटींपासून सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. पहिला खटला एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. राज्यात सरकार बदलल्यावर नव्या एफआयआरच्या आधारे दुसरा उभा राहिला. जानेवारी २०२५ मध्ये माजी उत्पादनशुल्कमंत्री कवासी लखमा यांना अटक झाली. आपण शिकलेले नाही, अधिकारी सांगत तिथे सही करत होतो, असं त्यांचं म्हणणं. जुलैमध्ये बघेलांचे चिरंजीव चैतन्य यांना अटक झाली. बघेल हे सगळं सूडाचं राजकारण म्हणतात.

यातली एक जप्ती मला बाकी सगळ्यांपेक्षा बोलकी वाटते. जून २०२५ मध्ये ईडीने सुकमा इथलं काँग्रेसचं जिल्हा कार्यालय गोठवलं. दारूच्या पैशातून ते बांधलं, असा आरोप आहे. तो उद्या न्यायालयात सिद्ध होवो वा न होवो, पण राजकीय पैशाबद्दलच्या आपल्या चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते, ती इथे विटा-सिमेंटमध्ये दिसते. पैसा नेत्याच्या खिशात गेला की पक्षाच्या कामी आला, असा प्रश्न आपण विचारतो, जणू पक्षाच्या कामी आला तर तो थोडा शुद्ध होतो.

आणि महादेव ॲप. भिलाईच्या दोन तरुणांनी दुबईत बसून चालवलेला हा सट्टा. निवडणुकीच्या तोंडावर ईडीने ५०८ कोटींचा दावा केला, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी दुर्गच्या सभेत महादेवाचं नावही सोडलं नाही म्हणून काँग्रेसला सुनावलं. रोकड नेणाऱ्याने नंतर तुरुंगातून कळवलं की आपल्याला अडकवलं आहे. निकाल लागला. भाजप ५४, काँग्रेस ३५. त्यानंतर राज्याच्या यंत्रणेने आणि मग सीबीआयने बघेलांचं नाव एफआयआरमध्ये घातलं. ५०८ कोटी खरे असतील तर एका मुख्यमंत्र्याने निवडणुकीचा बाजार मांडला. खोटे असतील तर केंद्राच्या तपासयंत्रणेने प्रचारसभेसाठी मजकूर पुरवला. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मतदाराला ते मतदानाआधी कळण्याची सोय नव्हती.

तक्रार करणाऱ्यांचीही तपासणी व्हायला हवी. २०१५ मध्ये नागरी पुरवठा महामंडळातला, म्हणजे ‘नान’चा घोटाळा उघड झाला तेव्हा डायरीतल्या ‘सीएम मॅडम’सारख्या नोंदींवरून काँग्रेसने रमणसिंहांविरुद्ध रान उठवलं. त्या प्रकरणात आरोपी असलेले आयएएस अधिकारी अनिल टुटेजा काँग्रेसचं सरकार आल्यावर सत्तेच्या आतल्या वर्तुळात मानले जाऊ लागले. पुढे दारू प्रकरणात अटक झाली ती याच टुटेजांना. विरोधात असताना ज्या डायरीवर शपथा घेतल्या, सत्तेत आल्यावर तीच बाजूला सरकवली गेली.

अमेरिकेत ‘प्रचारनिधीचा गैरवापर’ हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिकागोचे अमेरिकी काँग्रेस-सदस्य जेसी जॅक्सन ज्युनियर यांनी प्रचारासाठी जमलेल्या पैशातून सुमारे साडेसात लाख डॉलर स्वतःवर उडवले. त्यात ४३ हजार डॉलरचं रोलेक्स घड्याळ होतं, मायकल जॅक्सनच्या वस्तू होत्या. २०१३ मध्ये त्यांना अडीच वर्षांची शिक्षा झाली. तिथे हे शक्य झालं कारण प्रत्येक उमेदवाराच्या समितीचं खातं असतं, देणाऱ्याचं नाव असतं, आणि तो पैसा उमेदवाराचा नाही हे कायद्यात लिहिलेलं असतं. (तेवढ्याने तिथलं राजकारण पवित्र झालेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.) आपल्याकडे जूदेवांच्या हातातली पुडकी लाच होती की पक्षाचा प्रचारनिधी, हे कुठल्याच कागदावरून ठरवता येत नाही, कारण तसा कागदच नसतो. पक्षाने दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगी घेतली तर पक्षाला करसवलत नाही आणि २० हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव सांगायचं नाही, एवढ्यावर आपलं काम चालतं. निवडणूक रोख्यांनी तर नाव झाकणं हीच कायदेशीर सोय केली होती. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली.

उमेदवारांच्या वह्या मात्र आहेत, आणि त्या पाहण्याचा हक्क कुणालाही आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या ८८ व्या नियमाप्रमाणे एक रुपया भरून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कोणत्याही उमेदवाराचा हिशेब वाचता येतो, आणि ठरलेली फी भरली की साक्षांकित प्रतही मिळते. रायपूरच्या कलेक्टर कचेरीत २०२३ चे हिशेब आहेत, महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात २०२४ चे आहेत. आपल्या मतदारसंघातला मागवून पाहा. सुरुवात समोशांच्या रकान्यापासून करावी आणि मग आपल्या गल्लीत त्या पंधरा दिवसांत काय काय वाटलं गेलं होतं ते आठवत पुढची पानं उलटावीत.